बांधलेली दाढी

१८२९ च्या उन्हाळ्यात फ्रेंच पंडित शांपोलियाँ लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, देर अल-बहरीच्या पडक्या मंदिरात भिंती वाचत होता. चित्रलिपीचं कोडं त्यानंच सात वर्षांपूर्वी सोडवलेलं, त्यामुळे अशी भिंत वाचू शकणारे लोक तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. एका राजासमोर तो अडला. राजा म्हणजे पुरता राजा: डोक्यावर मुकुट, कमरेला आखूड वस्त्र, हनुवटीला लांब दाढी. पण शेजारचा मजकूर त्याच्याविषयी स्त्रीलिंगात बोलत होता. मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगायला नको. दाढीवाल्या पुरुषाच्या चित्राखाली ‘महाराज सिंहासनावर बसल्या’ असं कोरलेलं दिसावं, तसं ते होतं. शांपोलियाँनं आपलं आश्चर्य पत्रात लिहून ठेवलं. मग एक राणी आणि तिच्या वतीनं कारभार पाहणारा तिचा नवरा अशी जोडी कल्पून त्यानं मेळ घालायचा प्रयत्न केला. उत्तर चुकलं. त्यानं दाढीवर विश्वास ठेवला होता, प्रत्ययावर नाही.

इजिप्तच्या सिंहासनावर बाईला किती जागा होती, हे पाहायला मला मुकुटापेक्षा ही दाढी जास्त उपयोगी वाटते. मुकुट कोणाच्याही डोक्यावर बसतो. बाईच्या हनुवटीवर दाढी यायची तर कुणीतरी तसं ठरवावं लागतं, शिल्पकाराला सांगावं लागतं आणि पाहणाऱ्यांनी ते मान्य करावं लागतं.

सुरुवात अगदी आरंभीच्या राजांपासून होते. इ.स.पू. ३१०० च्या सुमाराची नार्मरची पाटी आज कैरोच्या संग्रहालयात आहे. जेमतेम दोन फूट उंचीचा, ढालीच्या आकाराचा हा दगड. एका बाजूला राजानं दक्षिणेचा पांढरा मुकुट घातला आहे, दुसऱ्या बाजूला उत्तरेचा लाल. पांढऱ्या मुकुटातला नार्मर गुडघे टेकलेल्या शत्रूचे केस एका हातात धरून दुसऱ्या हातातली गदा उगारतो. हनुवटीखाली दाढी आहे आणि कमरेला मागून बैलाची शेपटी लोंबते आहे. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र सांगतो आहे. शेपटी कोणाही माणसाच्या अंगची नसते, ती बांधावी लागते. राजाची दाढीही पुढे अशीच बांधायची वस्तू म्हणून दिसते. कितीतरी पुतळ्यांवर आणि कोरीव चित्रांवर हनुवटीच्या कडेनं गालावरून कानापर्यंत जाणारी पट्टीची रेघ स्पष्ट कोरलेली आहे. शिल्पकाराला ती सहज गाळता आली असती. त्यानं गाळली नाही. ही दाढी अंगची नाही, चढवलेली आहे, हे पाहणाऱ्याला कळायलाच हवं होतं.

खऱ्या दाढीची गोष्ट वेगळी. इजिप्तमधला प्रतिष्ठित पुरुष गुळगुळीत असे. वस्तरा ही कबरीत सोबत नेण्याजोगी वस्तू होती. पुजारी एक दिवसाआड सगळं अंग तासून घेत, असं हेरोडोटसनं लिहून ठेवलं आहे, आणि इतर देशांत दुःखात केस कापतात तर इजिप्तमध्ये दुःखात वाढवतात, हेही त्यानंच टिपलं. अंगची दाट दाढी चित्रांत दिसते ती बहुतेक परक्यांना, म्हणजे सीरियाकडच्या आणि लिबियाकडच्या लोकांना. थोडेफार अपवाद आहेत. मैदूमच्या कबरीत १८७१ साली सापडलेला राजपुत्र राहोतेप बारीक मिशी राखून आपल्या बायकोशेजारी बसला आहे. त्या जोडीकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे, मिशीसाठी नव्हे, त्यांच्या कातडीच्या रंगासाठी.

मग दाढीला मान आला कुठून? देवांकडून. इजिप्तचे देव दाढीवाले आहेत. त्यांची दाढी अरुंद, वेणीसारखी गुंफलेली आणि टोकाशी पुढे वळलेली असते. जिवंत राजाची सरळ असते आणि खाली रुंद होत जाते. राजा मेला की तो मृतांचा देव ओसिरिस होतो आणि त्याच्या हनुवटीवर देवाची वळलेली दाढी येते. ती निळी रंगवतात, कारण देवाचे केस लाजवर्दाचे असतात अशी समजूत होती. नाईलच्या पुराचा देव हापी याची मूर्ती तर विलक्षण आहे. त्याला ओघळलेले स्तन आहेत, सुटलेलं पोट आहे आणि देवाची दाढीही आहे. अन्नानं तुडुंब भरलेल्या नदीला एकट्या पुरुषाचं किंवा एकट्या बाईचं शरीर पुरलं नाही. म्हणजे दोन्ही एकत्र दाखवणं इजिप्तच्या शिल्पकाराला जमत नव्हतं असं नाही. देवाच्या बाबतीत ते त्याला सहज जमलं. राज्य करणाऱ्या बाईच्या बाबतीत त्याची ओढाताण झाली, आणि ती ओढाताण दगडावर पायरीपायरीनं दिसते.

भाषेतही अडचण होतीच. आपल्याकडे ‘राणी’ या एका शब्दात राजाची बायकोही येते आणि स्वतः राज्य करणारी बाईही. इजिप्तच्या भाषेत असा शब्दच नव्हता. ‘हेमेत नेसू’ म्हणजे राजाची पत्नी, ‘मुत नेसू’ म्हणजे राजाची आई, ‘सात नेसू’ म्हणजे राजाची मुलगी. प्रत्येक नात्याच्या मध्यभागी एक पुरुष बसलेला. गादीवर स्वतः बसलेल्या बाईला राजा हीच पदवी घ्यावी लागे.

पहिल्या राजघराण्यातल्या मेरनेइथची कबर अबायडोसला खुद्द राजांच्या रांगेत आहे. १९०० साली उत्खननकार पेट्रीनं ती खणली तेव्हा एवढी मोठी कबर पाहून तो तिला पुरुषच समजला. ती बाई होती हे नंतर ध्यानात आलं. तिच्यानंतर सुमारे बाराशे वर्षांनी, इ.स.पू. १८०० च्या आसपास, बाराव्या घराण्याच्या शेवटी सोबेकनेफेरू गादीवर आली. तुरीनच्या राजयादीत तिचा काळ तीन वर्षं, दहा महिने, चोवीस दिवस असा नोंदलेला आहे. इतका नेमका आकडा, आणि तोही एका बाईच्या नावापुढे, कुठलाही खुलासा न करता. लूव्रमध्ये तिच्या पुतळ्याचं तांबूस क्वार्टझाइटचं धड आहे. अंगावर बाईचा घट्ट, खांद्यावरून पट्ट्या गेलेला पोशाख, आणि त्याच्यावरून कमरेला राजाचं चुण्यांचं वस्त्र गुंडाळलेलं. खांद्यांवर राजाच्या पट्टेदार शिरोवस्त्राची टोकं उतरलेली आहेत. बाईपण न लपवता त्यावर राजेपण चढवलं आहे, घरच्या कपड्यांवर दरबारी वस्त्र चढवावं तसं. पुतळ्याला डोकं मात्र उरलेलं नाही. दाढी होती की नव्हती, हा प्रश्न त्या डोक्याबरोबरच गेला.

आता हत्शेप्सुत. शांपोलियाँला अडवणारा राजा तोच, म्हणजे तीच.

पहिल्या थुतमोसची ती मुलगी आणि दुसऱ्या थुतमोसची पत्नी. नवरा वारला तेव्हा त्याचा दुसऱ्या बायकोपासून झालेला मुलगा, तिसरा थुतमोस, अगदी लहान होता. इ.स.पू. १४७९ च्या सुमारास हत्शेप्सुत त्याच्या वतीनं कारभार पाहू लागली आणि सातव्या वर्षापर्यंत तिनं स्वतः राजाची पूर्ण पदवी घेतली. पोराला हटवलं नाही. दोघं एकाच वेळी राजे होते. कर्नाकच्या लाल देवघरावर दोघं एकामागे एक चालतात, एकसारखे कपडे, एकसारखी शरीरं, एकसारखी बैलाची शेपटी. कोण कोणता हे फक्त नावाच्या वेटोळ्यावरून, म्हणजे राजाच्या नावाभोवती कोरलेल्या लंबगोल चौकटीवरून, समजतं.

तिची दाढी मात्र एका दिवसात आली नाही. आरंभीच्या कोरीव कामात ती पायघोळ बायकी पोशाखात आहे आणि त्यावर राजाचा उंच मुकुट आहे. देर अल-बहरीच्या तिच्या मंदिराच्या वरच्या सज्जात ओसिरिसच्या रूपातले तिचे उंचच उंच पुतळे खांबांना टेकवून उभे केले होते. छातीवर हात जुळवलेले, हनुवटीला देवाची वळलेली दाढी. त्यांच्या चेहऱ्यांचे रंग अभ्यासकांनी बारकाईनं पाहिले, आणि इथे आपण राहोतेपकडे परत येतो. इजिप्तच्या रंगाऱ्यांचा दंडक होता की पुरुषाची कातडी तांबूस-तपकिरी आणि बाईची पिवळसर. राहोतेप तांबडा, त्याची बायको नोफ्रेत फिकट पिवळी, आणि दोघं अगदी लागून बसलेली. हत्शेप्सुतच्या या पुतळ्यांत सर्वांत आधीचे चेहरे पिवळे आहेत. नंतरचे नारिंगी आहेत. शेवटचे लाल.

नारिंगी चेहऱ्याशी मी बराच वेळ अडून राहतो. पिवळा आणि लाल हे दोन्ही रंग परंपरेनं दिलेले होते, रंगाऱ्याला तिथे विचार करायची गरज नव्हती. नारिंगी मात्र कुणालाच दिलेला नव्हता. कुणीतरी दोन रंग एकत्र कालवले आणि एका राज्यकर्तीच्या गालांवर फासले. देवाच्या दाढीशेजारी तो रंग काही काळ टिकलाही. बाई म्हणूनच राजा असण्याची एक वाट तिथे उघडली होती, असं मला वाटतं. ती पुढे नेली गेली नाही. रंग लाल झाला.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये तिच्या पुतळ्यांची मोठी दालनं आहेत. त्यातले गुलाबी ग्रॅनाइटचे गुडघे टेकलेले पुतळे पुरुषभर उंचीहूनही मोठे आहेत. छाती रुंद आणि सपाट, हातांत देवाला वाहायची भांडी, हनुवटीला दाढी. ते मिरवणुकीच्या वाटेवर होते. वर्षातून एकदा आमुन देवाची होडी कर्नाकहून नदी ओलांडून देर अल-बहरीच्या मंदिरात येई, तेव्हा याच पुतळ्यांमधून जाई. त्याच संग्रहालयात चुनखडकाचा एक पांढराशुभ्र बसलेला पुतळा आहे. शिरोवस्त्र राजाचं, कमरेचं वस्त्र राजाचं, पण कंबर बारीक, खांदे नाजूक, छातीला हलकासा उभार आणि चेहरा निमुळता. दाढी नाही. हा पुतळा मंदिराच्या आतल्या देवघरातला असावा असं मानतात. चारचौघांसमोर दाढी, आणि आत देवापुढे तिचा स्वतःचा चेहरा.

मंदिराच्या भिंतींवर हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनं आहे. तिच्या जन्माची कथा तिथे कोरलेली आहे. आमुन देव तिच्या बापाचं रूप घेऊन तिच्या आईकडे येतो. मग ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर बाळ घडवतो, बाळ आणि त्याचा ‘का’, म्हणजे त्याचं प्राणरूप. चाकावरची दोन्ही मुलं मुलगे दिसतात. मजकूर मात्र मुलीबद्दल बोलतो. दुसऱ्या भिंतीवर तिनं नवव्या वर्षी पुंत देशाला पाठवलेली मोहीम आहे, तिथून मुळांसकट आणलेली एकतीस सुगंधी झाडं आहेत. पुंतचा प्रमुख पाराहू पुढे येऊन उभा आहे आणि त्याच्या हनुवटीला लांब, निमुळती, अंगची दाढी आहे, इजिप्तच्या देवांच्या दाढीची आठवण व्हावी अशी. इजिप्तचे लोक पुंतला देवभूमी म्हणत. देवांनी ही दाढी कुठून घेतली, याचा अंदाज त्या एका माणसाकडे पाहून करावासा वाटतो.

आणि प्रत्यय. इजिप्तच्या भाषेत स्त्रीलिंगाची खूण ‘त’. लिपीत ती पावाच्या लहानशा अर्धगोल लादीनं दाखवतात. ‘सा रा’ म्हणजे सूर्यदेवाचा मुलगा, राजाची ठरलेली पदवी. हत्शेप्सुतसाठी ती ‘सात रा’ होते. ‘चांगला देव’ ही पदवी ‘चांगली देवी’ होते. सगळीकडे नाही, काही ठिकाणी पुल्लिंगही राहिलं आहे, पण इतक्या वेळा बदललं आहे की तो लेखनिकाचा हलगर्जीपणा असूच शकत नाही. तिच्या काळातले राजे आपल्या नावात ‘बलवान बैल’ हे बिरूद लावत. तिनं ते घेतलं नाही. शेपटी बांधली, पण स्वतःला बैल म्हणवलं नाही. ज्या बाईला आपलं बाईपण लपवायचं असतं ती पुन्हा पुन्हा आपल्या कारकुनांकडून ‘त’ कोरून घेत नाही. म्हणून तिच्याबद्दल ‘पुरुषाचं सोंग’ हे शब्द वाचले की मला वाईट वाटतं. सोंग फसवण्यासाठी घेतात. इथे कुणालाच फसवायचं नव्हतं. दाढी हे पदाचं चिन्ह होतं, न्यायाधीशाच्या झग्यासारखं. मात्र तो झगा पुरुषाच्या मापानंच शिवलेला होता आणि बाईला त्यात बसायला आपलं अंग बदलून घ्यावं लागलं, हेही तितकंच खरं. तिनं भाषा आपल्या अंगाप्रमाणे वळवली. दगड तिला वळवता आला नाही.

तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, तिसऱ्या थुतमोसच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, तिची नावं भिंतींवरून खरवडली गेली आणि पुतळे फोडून मंदिराजवळच्या खाणीत आणि खड्ड्यांत टाकले गेले. १९२० च्या दशकात मेट्रोपॉलिटनच्या विन्लॉकनं ते हजारो तुकडे बाहेर काढले. बराच काळ ही सावत्र मुलाच्या सुडाची कहाणी म्हणून सांगितली गेली, कावेबाज सावत्र आई आणि चिडलेला राजपुत्र. पण सुडासाठी वीस वर्षं थांबायचं कारण काय? गादी थुतमोसच्या मुलाकडे बिनबोभाट जावी, म्हणून मधली ही कडी पुसायची गरज पडली, हे जास्त पटतं. २०२५ साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली. बरेच पुतळे ठरावीक ठिकाणी, मान, कंबर आणि गुडघे इथे तोडलेले आहेत. इजिप्तमध्ये जुन्या मूर्तींमधली शक्ती काढून घ्यायची जी रीत होती तीच ही. चेहरा चिरडण्याचा राग त्यात फारसा दिसत नाही.

खरवडणाऱ्यांनी तिच्या जागी तिच्या बापाची आणि नवऱ्याची नावं कोरली. दाढी होती तशीच ठेवली, ती त्या पुरुषांनाही चालत होती. पण कितीतरी ओळींतल्या पावाच्या लाद्या त्यांच्या नजरेतून सुटल्या. नाव पुरुषाचं आणि प्रत्यय बाईचा, असा मजकूर मागे राहिला. शांपोलियाँ ज्याच्याशी अडखळला त्यात अशा ओळीही होत्या.

पुढचा प्रवास लवकर आटोपतो. पुढच्या काळातल्या राजा अखेनातेननं कर्नाकला उभे केलेले स्वतःचे भव्य पुतळे रुंद कमरेचे, मांसल मांड्यांचे आहेत, आणि हनुवटीला मात्र लांबलचक दाढी आहे. त्याची पत्नी नेफरतिती एका शिळेवर, आता बोस्टनला असलेल्या, होडीतल्या खोलीत शत्रूला मारण्यासाठी हात उगारते. ती नार्मरचीच मुद्रा आहे, दाढीविना. अखेनातेननंतर आंखखेपेरुरे नेफरनेफरुआतेन नावाची एक राज्यकर्ती होती. तुतानखामुनच्या जगप्रसिद्ध सोन्याच्या मुखवट्यावर नावाच्या वेटोळ्यात तिच्या नावाच्या खुणा पुसट दिसतात आणि मुखवटा मुळात तिच्यासाठी घडवला होता, असा दावा अभ्यासक निकोलस रीव्ह्ज यांनी केला. तो सर्वांना मान्य नाही. मुखवट्याची दाढी वेगळी घडवलेली आहे, वजन सुमारे अडीच किलो. १९२५ मध्ये शवपेटी उघडली तेव्हा ती सुटलेलीच होती, पुढे जोडली गेली, २०१४ मध्ये पुन्हा सुटली आणि घाईनं एपॉक्सीनं चिकटवली गेली. २०१५ मध्ये जर्मन-इजिप्शियन पथकानं तो गोंद खरवडून ती मधमाशांच्या मेणानं नीट बसवली.

लूव्रमध्ये इ.स.पू. ५१ ची एक शिळा आहे. उघड्या छातीचा, दुहेरी मुकुटाचा पुरुष-राजा इसिस देवीला नैवेद्य देतो. खालच्या ग्रीक मजकुरात नाव आहे क्लिओपात्रा राणीचं. चित्र बहुधा तिच्या बापासाठी कोरलेलं असावं. हत्शेप्सुतनंतर चौदाशे वर्षं उलटली होती आणि जोडणी तीच होती, चित्र पुरुषाचं आणि अक्षर बाईचं.

इजिप्तच्या दक्षिणेला, आजच्या सुदानमध्ये, मेरोएच्या राज्यात मात्र वेगळं घडलं. नागा इथल्या सिंहदेव अपेदेमाकच्या मंदिराच्या दर्शनी भिंतीवर, इ.स. पहिल्या शतकात, दोन राज्यकर्ते समोरासमोर कोरले आहेत. डावीकडे राजा नताकामानी, उजवीकडे राज्यकर्ती अमानितोरे. आकार सारखा, जागा सारखी. मूठभर शत्रूंचे केस तिनं एका हातात धरले आहेत आणि दुसऱ्या हातात तलवार उगारली आहे. नार्मरच्या पाटीवरची ती मुद्रा तीन हजार वर्षांनी इथे पोचली. अमानितोरेची कंबर रुंद आहे, मांड्या भरदार आहेत, अंगावर दागिने आहेत आणि पायघोळ वस्त्र आहे. तिच्या हनुवटीला काहीही बांधलेलं नाही.